पाचवे अक्षर : दुकानाचे नाव आणि सरकारची नोंदवही

पॅन कार्ड जवळ असेल तर त्यावरच्या दहा अक्षर-अंकांतले पाचवे अक्षर पाहावे. व्यक्तीच्या बाबतीत ते आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर असते. लग्नाआधी पॅन काढलेल्या आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीच्या कार्डावर नवे आडनाव छापून मिळते, क्रमांक मात्र तोच राहतो. त्यामुळे पाचव्या जागी माहेरच्या आडनावाचे अक्षर कायमचे मुक्कामाला असते. कंपन्यांच्या आणि भागीदारी पेढ्यांच्या बाबतीत ते त्यांच्या नावाचे पहिले अक्षर. ॲक्सिस बँकेच्या पॅनमध्ये या जागी 'ए' नाही, 'यू' आहे, कारण २००७ पर्यंत ती यूटीआय बँक होती. वेदान्त लिमिटेडच्या पॅनमध्ये 'एस' आहे. गोव्याच्या लोहखनिजाशी ज्यांचा संबंध आला त्यांना हा 'एस' ओळखीचा वाटेल : ही कंपनी आधी सेसा गोवा होती, पुढे सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५ मध्ये वेदान्त.

वस्तू व सेवा कराचा म्हणजे जीएसटीचा जो पंधरा स्थानांचा क्रमांक आपण प्रत्येक बिलावर पाहतो, त्यात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा स्थाने पॅनचीच. म्हणजे पॅनचे पाचवे अक्षर तिथे सातव्या जागी येते. पाटी बदलली, लेटरहेड बदलले, शिक्का बदलला, तरी जुन्या नावाचा एक कण प्रत्येक बिलावर उरतोच.

मी पदवीने इतिहासकार नाही. बरीच वर्षे दुकानांचे हिशेब लिहिले. त्या काळात रद्दीत निघालेल्या वह्या, बिलबुके, नोंदणी दाखले जमवायची सवय लागली आणि ते वाचता यावेत म्हणून मोडी आणि थोडा करकायदा शिकलो. या कागदांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. बाजाराच्या लेखी दुकान म्हणजे त्याचे नाव. मालक येतात आणि जातात. सरकारच्या नोंदवहीच्या लेखी दुकान म्हणजे कर देणारा माणूस; नाव हा त्याचा बदलता येण्याजोगा तपशील. ही दोन मते सुरुवातीला एकमेकांपासून फार दूर नव्हती. ती कशी दुरावली आणि त्याची किंमत कोण मोजते, हे या लेखात मांडायचे आहे.

नाव हीच पत

हुंडीच्या व्यवहारात पेढीचे नाव हेच भांडवल असे. नागपूर-कामठीच्या डागा घराण्याची 'बन्सीलाल अबीरचंद' ही पेढी घ्या. ज्या माणसांची नावे पेढीला दिली, ती गेल्यावरही पेढी त्याच नावाने चालत राहिली. नावातली माणसे हयात आहेत का, असे हुंडी वटवणारा विचारत नसे. त्या नावावर लिहिलेली हुंडी सकारली जाते की नाही, एवढेच तो पाही. मराठी व्यापाऱ्यांत 'आणि मंडळी', 'बंधू', 'आणि पुत्र' हे प्रत्यय आले. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर वाचकांनी 'दामोदर सांवळाराम आणि मंडळी' हे नाव पाहिले असेल. 'मंडळी' या शब्दात कोण कोण आहे हे कधीच उघड होत नाही, आणि म्हणूनच तो टिकाऊ असतो.

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली पेढीचे नाव घालायचे, ही रीत याच समजुतीतून आलेली. वही दर वर्षी नवी, नाव तेच. कित्येक व्यापाऱ्यांचे हिशेबाचे वर्षही दिवाळी ते दिवाळी असे आणि आयकर खाते ते मान्यही करीत असे. १९८९-९० च्या कर आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्चला संपणारे वर्ष सक्तीचे झाले. तेव्हापासून दिवाळीची वही पूजेपुरती राहिली.

मराठा अमदानीत दुकानांवर आणि कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर होता. नवी पेठ वसवताना सरकार कौल देई, काही वर्षे करमाफी मिळे आणि पेठेची व्यवस्था वतनदार शेटे-महाजन पाहत. कर बसे तो माणसावर आणि त्याच्या धंद्यावर : अमुक सोनार, तमुक तेली. पण वसुली पाहणारा शेटे त्याच पेठेत राहणारा. दुकान बापाकडून मुलाकडे गेले तर त्याला वेगळे कळवावे लागत नसे, कारण उत्तरकार्याला तो स्वतःच पंगतीत असे. नोंदवही आणि ओळख एकाच माणसाच्या ठायी होती.

यादीत आलेला माणूस

१८५७ च्या बंडाने रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० मध्ये हिंदुस्थानात आयकर आणला. तो पाच वर्षांनी संपला. त्यानंतर १८६७ मध्ये लायसन्स टॅक्स, १८६८ मध्ये सर्टिफिकेट टॅक्स, मग पुन्हा आयकर, असे प्रयोग झाले. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात व्यापारी आणि कारागिरांवर पुन्हा लायसन्स टॅक्स बसला तेव्हा सुरतेत दंगल उसळली. अखेर १८८६ च्या कायद्याने आयकर कायमचा झाला. वार्षिक पाचशे रुपयांखालचे उत्पन्न त्यातून वगळले होते.

आता आकारणी करणारा अधिकारी पेठेतला राहिला नव्हता. त्याला यादी लागे आणि यादीला एका ओळीत एक नाव लागे. पण पेढीचे नाव कोणाचे? बापाचे, आजोबांचे, की कोणाचेच नाही? एकत्र कुटुंबाच्या धंद्यात हा प्रश्न फारच गुंतागुंतीचा. १९२२ च्या आयकर कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंब, पेढी, कंपनी आणि व्यक्ती असे करदात्याचे निरनिराळे प्रकार धरले. १९३० मध्ये या कायद्यात कलम २६-अ आले. भागीदारी पेढीला 'नोंदणीकृत' म्हणून कर भरण्याचा फायदा हवा असेल तर भागीदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागे आणि ही नोंदणी वर्षावर्षाला नव्याने टिकवावी लागे.

याच कलमावरचा एक महत्त्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला : दुलीचंद लक्ष्मीनारायण विरुद्ध आयकर आयुक्त, नागपूर, निकाल १९५६ चा. काही पेढ्या, एक एकत्र कुटुंब आणि एक व्यक्ती यांनी मिळून भागीदारी केली होती आणि तिची नोंदणी मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली. पेढी ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. पेढीचे नाव म्हणजे भागीदारांची नावे थोडक्यात सांगण्याची सोय. म्हणून एक पेढी दुसऱ्या पेढीत भागीदार होऊ शकत नाही; तिच्यातली माणसे होऊ शकतात. बाजार ज्या नावावर हजारोंची उधारी देत होता, ते नाव न्यायालयाच्या लेखी एक लघुलेखन ठरले.

यापूर्वीच १९३२ च्या भागीदारी कायद्याने पेढ्यांची वेगळी नोंदवही सुरू केली होती. या नोंदणीची सक्ती नव्हती, पण न करणाऱ्या पेढीला कराराच्या हक्कासाठी दुसऱ्यावर दावा लावता येत नसे, आणि आजही येत नाही. नाव किंवा मुख्य ठिकाण बदलले तर रजिस्ट्रारकडे निवेदन द्यावे, तो नोंदीत बदल करील, असे कलम ६० सांगते. कलम ५८ मध्ये एक गमतीची बंदी आहे : सरकारच्या लेखी संमतीशिवाय पेढीच्या नावात 'क्राउन', 'एम्परर', 'एम्पायर', 'इम्पीरियल', 'किंग', 'क्वीन', 'रॉयल' हे शब्द चालणार नाहीत. राजे गेले, साम्राज्य गेले, तरी हे शब्द कायद्याच्या पुस्तकात आजही आहेत.

एकट्याच्या दुकानाची स्थिती याहून विचित्र. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसाव्या आदेशातल्या दहाव्या नियमाप्रमाणे, स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्यावर त्या धंद्याच्या नावाने दावा लावता येतो. पण त्याला स्वतःला दावा लावायचा तर स्वतःच्याच नावाने लावावा लागतो. म्हणजे दुकानाचे नाव आरोपीच्या पिंजऱ्यात चालते, फिर्यादीच्या बाजूला चालत नाही.

विक्रीकराची आर.सी.

दुकानाच्या नावाला सरकारदरबारी खरी किंमत आली ती विक्रीकरामुळे. आज जो महाराष्ट्र आहे त्यात हा कर तीन वाटांनी आला. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या कायद्याने आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या १९५० च्या कायद्याने. राज्य पुनर्रचनेनंतर द्विभाषिक मुंबई राज्यासाठी मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ झाला आणि १ जानेवारी १९६० पासून सगळीकडे लागू झाला. नोंदणीचा दाखला म्हणजे 'आर.सी.' हा शब्द तेव्हापासून बाजाराच्या रोजच्या बोलण्यात रुळला.

आयकर हा व्यापारी आणि खाते यांच्यातला मामला होता. विक्रीकरात तिसरा माणूस आला : समोरचा व्यापारी. त्याला करात सवलत मिळणार की नाही, हे विकणाऱ्याच्या बिलावरचे नाव आणि आर.सी. क्रमांक खरा आहे की नाही यावर ठरू लागले. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने परराज्यातल्या खरेदीसाठी 'सी' फॉर्म आणला. खरेदीदाराने तो विकणाऱ्याला द्यायचा आणि त्याच्या आधारे विकणाऱ्याने कमी दराने कर भरायचा. फॉर्मवर एक नाव आणि बिलावर दुसरे, असे झाले की आकारणीच्या वेळी सवलत अडायची आणि फरक विकणाऱ्याच्या अंगावर यायचा. म्हणून सुरतेचा किंवा इचलकरंजीचा घाऊक व्यापारी माल पाठवण्याआधी विचारू लागला, "आर.सी. कुठल्या नावावर आहे?"

माझ्या संग्रहात सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावच्या एका कापड दुकानाची फाईल आहे. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे नाव देत नाही. दुकान दोन भावांचे, म्हणून नावात 'ब्रदर्स'. पहिली आर.सी. १९४६ च्या कायद्याखालची, दुसरी १९६० ची. १९६८ मध्ये भाऊ वेगळे झाले आणि थोरल्याने दुकान ठेवले. खात्याला दिलेल्या अर्जाची कार्बन प्रत फाईलमध्ये आहे : भागीदारी संपली असून धंदा आता एकट्याचा आहे, नावातून 'ब्रदर्स' हा शब्द काढावा. सोबत वाटणीपत्राची नक्कल. त्यापुढे तीन स्मरणपत्रे. मग कधीतरी आर.सी.वर तो शब्द लाल शाईने खोडून, बाजूला सही-शिक्का मारून दाखला परत आलेला दिसतो.

पण पाटीवरचा 'ब्रदर्स' कोणी काढला नाही. गिऱ्हाइकांच्या जिभेवर तोच शब्द होता. धाकट्या भावाने शेजारच्या गल्लीत स्वतःचे दुकान टाकले, तरी लग्नाचा बस्ता घ्यायला लोक 'ब्रदर्स'मध्येच येत राहिले. सरकारी कागदावर १९६८ मध्ये गेलेला शब्द बाजारात पन्नास वर्षे जगला. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या होत्या.

त्या काळात नावातला बदल कळवण्याचे काम दमवणारे होते यात शंका नाही. विक्रीकर, आयकर, गुमास्ता लायसन्स, बँक, वजनमापे, प्रत्येकाकडे वेगळा अर्ज. पण त्या दमवणुकीतून एक गोष्ट आपोआप होत होती. जुने नाव खोडले जाई, पण वाचता येई. एका कागदावर दोन्ही नावे शेजारी राहत. मागून येणाऱ्याला साखळी जोडता येत होती.

क्रमांक येतो, नाव मागे सरते

आयकर खात्यात पॅनच्या आधी जी.आय.आर. क्रमांक असे. जनरल इंडेक्स रजिस्टर या नोंदवहीतला तो क्रमांक, त्या त्या वॉर्डच्या अधिकाऱ्याने दिलेला. वॉर्ड बदलला की क्रमांक बदले. पॅनची कायदेशीर तरतूद १९७६ मध्ये अमलात आली, पण आजचा दहा स्थानांचा पॅन १९९५ नंतरचा. तो देशभर एक आणि कायमचा. एका माणसाला दोन पॅन मिळू नयेत म्हणून अर्जातली नावे उच्चारसाम्याने ताडून पाहण्याची व्यवस्था त्यात बसवली गेली. म्हणजे क्रमांक देईपर्यंत नाव कसून तपासायचे, आणि एकदा दिला की नावावर अवलंबून राहायचे कारण उरत नाही. पाचवे अक्षर ही त्या तपासणीची राहून गेलेली खूण.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट आला. आर.सी.चे जुने क्रमांक जाऊन सत्तावीसने सुरू होणारा 'टिन' आला, शेवटी व्हॅटसाठी 'व्ही' आणि केंद्रीय विक्रीकरासाठी 'सी'. पण हा क्रमांक धंद्याचा होता. त्यात पॅन गुंफलेला नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते अंतरही मिटले. व्हॅट, उत्पादन शुल्क, सेवाकर या सगळ्या जुन्या नोंदण्या पॅनच्या आधारे नव्या व्यवस्थेत आणल्या गेल्या. 'कायदेशीर नाव' म्हणजे पॅनवरचे नाव. त्याखाली दुसरा रकाना : 'व्यापारी नाव'.

या दोन रकान्यांचा अर्थ कापड दुकानाच्या फाईलमध्ये स्पष्ट दिसतो. १९४६ च्या आर.सी.वर वर दुकानाचे नाव आहे आणि खाली बारीक अक्षरांत भागीदारांची. २०१७ च्या दाखल्यावर वर मालकाचे नाव आहे, आईबापांनी ठेवलेले. सत्तर वर्षांचे दुकानाचे नाव दुसऱ्या ओळीत उतरले आहे.

आजची रीत

आज नाव बदलायचे तर काय करावे लागते, हे थोडक्यात सांगतो. जीएसटी कायद्याचे कलम २८ आणि नियम १९ प्रमाणे कायदेशीर नाव, धंद्याचे ठिकाण किंवा भागीदार-संचालक बदलले तर पंधरा दिवसांत 'आरईजी-१४' हा अर्ज पोर्टलवर भरायचा. अधिकाऱ्याने पंधरा कामकाजाच्या दिवसांत मंजुरी द्यायची किंवा खुलासा मागायचा. तो काहीच बोलला नाही तर बदल झाला असे धरले जाते. जीएसटीत नाव पॅनप्रमाणे असावे लागते, म्हणून आधी पॅनवरचे नाव बदलून घ्यायचे. क्रमांक तोच राहतो. १९६८ च्या तीन स्मरणपत्रांच्या तुलनेत हे सोपे आहे, हे मान्य करायलाच हवे.

पण त्याच नियमात एक परंतुक आहे. बदल असा असेल की पॅनच बदलेल, तर ही दुरुस्ती होत नाही. नवी नोंदणी घ्यावी लागते. एकट्याच्या दुकानाला स्वतःचा पॅन नसतो, मालकाचाच पॅन दुकानाचा. म्हणून मालकाने दुकानाचे नाव दहा वेळा बदलले तरी सरकारच्या लेखी दुकान तेच. आणि मालक वारला, मुलगा त्याच गल्ल्यावर, त्याच पाटीखाली, त्याच कपाटांसमोर बसला, तर सरकारच्या लेखी जुने दुकान बंद झाले आणि नवे उघडले.

त्या कापड दुकानाचे तसेच झाले. मालक २०२० मध्ये गेले. मुलाने स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घेतली. शिल्लक मालावरचा भरलेला कर नव्या क्रमांकावर आणण्यासाठी 'आयटीसी-०२' नावाचा अर्ज आहे, तो भरला. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला ही सोय मिळते, असे केंद्रीय मंडळाने मार्च २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. जुनी नोंदणी रद्द करून घेतली. दुकानाचे चालू खाते वडिलांच्या नावाचे, ते बंद झाले आणि दुकानाच्या नावाने आलेले दोन चेक परत गेले. सगळ्या घाऊक व्यापाऱ्यांना नवा क्रमांक कळवावा लागला, कारण जुन्या क्रमांकावर फाडलेल्या बिलाचा परतावा मुलाला मिळत नाही.

सर्वांत अवघड झाली ती उधारी. खतावणीत ती दुकानाच्या नावे. कायद्याने ती मृत माणसाचे येणे. कोर्टातून वसूल करायची तर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१४ प्रमाणे वारसाला त्यासाठी दाखला आणावा लागतो. पाचशे-हजाराच्या उधारीसाठी कोण कोर्टात जाईल? तरीही गिऱ्हाइकांनी येऊन पैसे दिले. मुलाच्या आईने मला खतावणीची ती पाने दाखवली. दिवंगत मालकाच्या निधनानंतरच्या तारखांना जमा पडलेल्या ओळी, एकाखाली एक. देणाऱ्यांनी क्रमांक विचारला नव्हता. "दुकानाचं देणं आहे," एवढेच ते म्हणाले, असे त्यांनी सांगितले. बाजाराचे जुने मत अजून जिवंत आहे, याचा याहून चांगला पुरावा मला कुठे मिळालेला नाही.

नाव एकीकडून दुसरीकडे

मोठ्या कंपन्यांना कायद्याने नाव बदलण्याची ऐसपैस सोय दिली आहे. नाव बदलल्याने कंपनीचे हक्क, देणी किंवा चालू दावे बाधित होत नाहीत, असे १९५६ चा कंपनी कायदा सांगत होता आणि २०१३ च्या कायद्यातही तत्त्व तेच. शिवाय नाव बदलल्यावर दोन वर्षे जुने नावही पाटीवर आणि कागदपत्रांवर लिहिण्याचे बंधन आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेली टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग कंपनी १९६० मध्ये टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह झाली आणि २००३ मध्ये टाटा मोटर्स. कंपनी एकच, नावे वेगवेगळी.

याच्या उलट उदाहरण आकुर्डीचे. १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून सुरू झालेली आणि पुढे बजाज ऑटो झालेली कंपनी २००८ मध्ये धंद्यांच्या विभाजनानंतर बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाली. वाहनांचा धंदा २००७ मध्ये नव्या स्थापन केलेल्या कंपनीकडे गेला आणि 'बजाज ऑटो' हे नाव त्या नव्या कंपनीने घेतले. म्हणून आजच्या बजाज ऑटोच्या कंपनी क्रमांकात २००७ हे वर्ष आहे, आणि १९४५ हे वर्ष होल्डिंग कंपनीच्या क्रमांकात. रस्त्यावरच्या माणसाला यातले काही कळले नाही आणि कळण्याची गरजही पडली नाही. तिथे नावच चालत राहिले. मोठ्या घराला हे साधते, कारण वकील आणि सनदी लेखापाल हाताशी असतात. तालुक्याच्या गावातल्या विधवेला तेच काम सुतकी मनःस्थितीत करायचे असते.

सरकार स्वतःचे नाव बदलते तेव्हा काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबई विक्रीकर, मुंबई दुकाने व आस्थापना अशी कित्येक कायद्यांची नावे राज्य स्थापनेनंतरही 'मुंबई'च होती. २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ ने अशा अनेक कायद्यांच्या नावातला 'मुंबई' शब्द काढून 'महाराष्ट्र' घातला, तोही १ मे १९६० पासून. बावन्न वर्षे मागे जाऊन नाव बदलण्याची ही मुभा कुठल्याही दुकानदाराला नाही. त्याला पंधरा दिवस.

एकाच दिवशी उघडलेली दुकाने

जीएसटीच्या पोर्टलवर कोणताही क्रमांक टाकला की नोंदणीची माहिती सर्वांना पाहता येते : कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख. जुन्या करांतून आलेल्या धंद्यांची तारीख १ जुलै २०१७ दिसते. आणखी शंभर वर्षांनी कोणी संशोधक एवढीच नोंदवही हातात घेऊन बसला, तर त्याला वाटेल की लक्ष्मी रोडवरची, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरची, नागपूरच्या सीताबर्डीवरची सगळी जुनी दुकाने एकाच दिवशी उघडली. सातारा जिल्ह्यातले ते कापड दुकान तर त्याला त्यानंतरचे, २०२० चे वाटेल.

क्रमांकाविरुद्ध माझी तक्रार नाही. एका नावाची दहा दुकाने आणि दहा नावांचा एक लबाड या दोन्ही गोष्टी मी हिशेब लिहिताना पाहिल्या आहेत. क्रमांकाने त्या आटोक्यात आल्या. मागणी इतकीच की कंपन्यांना जे दोन वर्षांसाठी सक्तीचे आहे, ते छोट्या दुकानाच्या नोंदीत कायमचे शक्य व्हावे. 'पूर्वीचे नाव' आणि 'पूर्वीचा क्रमांक' असे दोन रकाने दाखल्यावर छापले, तर नव्या क्रमांकामागचे जुने दुकान कोणालाही दिसेल. करवसुलीत त्याने काही उणे होणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी दुकान आहे किंवा होते त्यांच्याकडे एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या फाईली निघतात. त्यात पिवळी पडलेली आर.सी., वाटणीपत्राची नक्कल, लाल शाईने खोडलेला एखादा शब्द असेल. त्या कागदांची मुदत कायद्याने संपली असेल, पण ते रद्दीत घालू नयेत. पाठीमागे पेन्सिलीने एवढे लिहावे : दुकान कोणी काढले, नाव कशावरून ठेवले, केव्हा आणि का बदलले. मग तो कागद नव्या जीएसटी दाखल्याच्याच फाईलमध्ये लावून ठेवावा.